माथ्यावर थांबायचं नाही

वाळवंटात गाडी रुतवायला मला बरोबर अकरा मिनिटं लागली. त्यातली चार सीटबेल्ट लावण्यात गेली होती.

आम्ही राहतो बॉथेलला. सिएटलजवळच्या या गावात पाऊस इतका, की वाळवंट ही गोष्ट फक्त भूगोलाच्या पुस्तकातली वाटते. पण डोंगर ओलांडून तीन तास पूर्वेला गेलं, की ढग संपतात आणि वाळूच्या टेकड्या सुरू होतात. त्या टेकड्या चढण्यासाठी मी भलीमोठी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली होती. दोन वर्षांत तिनं जो काही पराक्रम गाजवला, तो इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमधल्या स्पीडब्रेकरवर.

"मंदार, कोथिंबीर आणायला एवढी गाडी लागते?" बायको दर शनिवारी विचारायची. बायकोचं नाव कीर्ती. माझ्या खरेद्यांबद्दल तिला नितांत आदर आहे!

शेवटी मी एका फोर-व्हील-ड्राइव्ह क्लबचा मेंबर झालो आणि पहिल्याच ट्रिपला सगळं कुटुंब घेऊन निघालो. मी, कीर्ती, नऊ वर्षांची सई आणि नागपूरहून आलेल्या सासूबाई. सासूबाईंना न्यायचं खरं कारण सांगतो. दहा वर्षांपूर्वी लग्न ठरताना त्या कीर्तीला म्हणाल्या होत्या, "पोरगा चांगला आहे, पण हातानं काही करत असंल असं वाटत नाही." आज त्यांना दाखवून द्यायचं होतं.

क्लबची म्होरकी होती डॉना. सत्तरीची, शिडशिडीत, आयुष्यभर स्कूलबस चालवून रिटायर झालेली. पोरांच्या चाळीस वर्षांच्या किंकाळ्या ऐकून तिच्या चेहऱ्यावरचे सगळे भाव कायमचे निघून गेले होते. तिनं प्रत्येक गाडीला एक वॉकीटॉकी दिला आणि सगळ्यांना गोल उभं करून दोनच नियम सांगितले. एक, चाकांतली हवा निम्म्याहून कमी करा, म्हणजे टायर पसरट होतो आणि वाळूत रुतत नाही. दोन, टेकडीच्या माथ्यावर थांबायचं नाही. काही झालं तरी नाही.

"हवा कमी करायची?" मी कीर्तीच्या कानात कुजबुजलो. "मी इंजिनीअर आहे. हवा भरलेली असते म्हणून तर गाडी चालते!"

"तू सॉफ्टवेअर इंजिनीअर आहेस," कीर्ती म्हणाली.

(शिवाय हवा परत भरायचा पंप घरी गॅरेजमध्ये राहिला होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.)

डॉनानं येऊन विचारलं, "हवा सोडलीस?" मी अंगठा वर केला. अंगठा वर करणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

आमची गाडी रांगेत तिसरी. मागे आणखी सहा. पहिली टेकडी मी नुसत्या जोरावर, इंजिन बोंबलवत चढलो. माथ्यावर पोचलो आणि समोर काय दृश्य! लांबवर सोनेरी वाळू, वर निळंशार आकाश. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई! किती सुंदर!"

लग्नाच्या दहा वर्षांत त्या माझ्या बाबतीत कशालाही सुंदर म्हणाल्या नव्हत्या. मी भारावलो. "थांबा आई, तुमचा फोटो काढतो!" म्हणालो आणि ब्रेक दाबला.

गाडीनं एक लांब सुस्कारा सोडला आणि ती पोटावर बसली. म्हणजे अक्षरशः! पोट माथ्याच्या धारेवर, पुढची चाकं एका उतारावर, मागची दुसऱ्या. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. चारही चाकांनी वाळू उडवली आणि गाडी आणखी खाली गेली. मी आणखी दाबला. गाडी आणखी खाली, आणि आता डावीकडे कलती!

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "गाडी पुढे जाऊन नाही राहिली ना?"

"जातेय आई. टायरला जरा पकड घेऊ देतोय."

"पण मला खिडकीतून आधी आकाश दिसत होतं, आता वाळूच दिसून राहिली आहे."

"मंदार, डॉनाला बोलाव!" कीर्ती ओरडली.

"काही गरज नाही!"

दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत म्हणून मी वॉकीटॉकी मांडीखाली ठेवला होता. त्याचं बटण तिथंच दाबलं गेलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. बटण दाबलेलं असलं की आपलं सगळ्यांना ऐकू जातं, पण दुसऱ्यांचं आपल्याला काही ऐकू येत नाही. (घरी माझी परिस्थिती बरोबर उलटी असते.) त्यामुळे पुढची पाच मिनिटं आमचं भांडण बाकीच्या आठही गाड्यांत थेट प्रक्षेपित झालं.

"हवा सोडली होतीस ना?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे किती?"

"म्हणजे... सोडायचा विचार केला होता."

"अरे देवा! आणि त्या बाईला अंगठा दाखवलास?"

"हळू बोल ना यार, लोक ऐकतील!"

आता हे सगळं मराठीत होतं. अमेरिकन लोकांना काय कळणार? माझी अब्रू शाबूत राहिली असती. पण आमच्या कन्येला आपण मराठीत विचारलं तरी ती उत्तर इंग्लिशमध्येच देते.

"सई बाळा, घाबरू नको हं," मी म्हणालो.

"आयॅम नॉट स्केअर्ड, बाबा," सई खणखणीत आवाजात म्हणाली. "बट यू लाइड टू डॉना. यू डिडन्ट लेट एनी एअर आउट. अँड यू फरगॉट द पंप. आय सॉ इट इन द गॅराज."

दोन मिनिटांत डॉना फावडं घेऊन टेकडी चढून आली. माझ्याकडे बघितलं, माझ्या मांडीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "तुझा रेडिओ चालू आहे."

मी फावड्यासाठी हात पुढे केला. तोवर सासूबाई पदर खोचून खाली उतरल्या होत्या. त्यांनी डॉनाच्या हातातून फावडं घेतलं आणि गाडीच्या पोटाखालची वाळू ओढायला लागल्या. एकीला इंग्लिश येत नाही आणि दुसरीला मराठी, तरी दोघींचं पहिल्या मिनिटापासून जमलं. डॉनानं बोटानं चाकाचा व्हॉल्व्ह दाखवला. सासूबाईंनी केसातली पिन काढली आणि आत दाबली. फुस्स!

"माझ्या लुनाची हवा कॉलनीतली पोरं अशीच काढायची," त्या मला म्हणाल्या. "तुम्हाला येत नाही का?"

"येतं ना, आई."

"मग उभे काऊन?"

चारही चाकं पसरली. मी ऐटीत ड्रायव्हरच्या दाराकडे निघालो, तर डॉनानं हात आडवा केला, माझ्याकडून किल्ली घेतली आणि कीर्तीला दिली. कीर्तीनं गाडी आधी जराशी मागे घेतली, मग एकच सलग जोर, आणि गाडी सुळकन पलीकडच्या उतारावरून खाली! सासूबाई, सई आणि डॉना टाळ्या वाजवत त्याच गाडीच्या मागे धावत गेल्या. मागे खोळंबलेल्या सहा गाड्याही एकेक करून माझ्या बाजूनं वर आल्या आणि पलीकडे उतरल्या. प्रत्येक ड्रायव्हरनं जाताना काच खाली केली आणि हसून मला अंगठा दाखवला.

फावडं खांद्यावर घेऊन मी ती टेकडी पायी उतरलो. भर उन्हात, शूजमध्ये वाळू भरत. खाली सतरंजीवर सासूबाई डॉनाला पोळीचा रोल करून देत होत्या. मला बघून कीर्तीला म्हणाल्या, "येऊन राहिले बघ. त्यांना आधी पाणी दे, नंतर बोल काय बोलायचं ते." त्या एका वाक्यासाठी मी त्यांना आजन्म माफ केलं आहे.

पुढच्याच महिन्यात डॉनाचा मला फोन आला. वाटलं, मेंबरशिप गेली. पण नाही. तिला मी हवा होतो! तेव्हापासून नवे मेंबर आले, की प्रत्येक ट्रिपच्या सुरुवातीला डॉना मला समोर उभं करते, त्या दिवशी मी काय काय केलं ते क्रमानं सांगायला लावते आणि शेवटी म्हणते, "आता, याच्यासारखं करू नका." मी वाकून नमस्कार करतो. लोक टाळ्या वाजवतात. या कामात मी चांगलाच तयार झालो आहे. आजवर माझ्या एकाही विद्यार्थ्याची गाडी रुतलेली नाही.