कुठपर्यंत बरोबर आहे?

काय चुकलं, असं आमच्या मॅडम कधीच विचारत नसत. प्रोग्राम अडला म्हणून कुणी रडकुंडीला येऊन त्यांच्याकडे गेलं, की स्क्रीनकडे न बघता त्या म्हणत, "कुठपर्यंत बरोबर आहे, ते सांग." कल्याणच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस्सी करताना आम्ही त्यांचं नावच 'कुठपर्यंत मॅडम' पाडलं होतं.

लॅबमध्ये जाताना चपला बाहेर काढायच्या, हा त्यांचा दंडक. धुळीने मशीन बिघडण्याचा जमाना केव्हाच सरला होता, तरी मॅडम दारात उभ्या असायच्या. आत मात्र कसली घाई नसे. त्या प्रोग्रामच्या मधोमध खूण करायला लावत. तिथपर्यंत ठीक असेल तर चूक पुढे, नसेल तर मागे. मग उरलेल्याचे पुन्हा दोन भाग. माझी मैत्रीण सुजाता एकदा वैतागून म्हणाली, "मॅडम, माझं सगळंच चुकलंय." मॅडम म्हणाल्या, "सगळं कधीच चुकत नाही गं. बस, शोधू."

थापा त्यांना खपत नसत. तोंडी परीक्षेत मी काहीतरी ठोकून दिलं, तेव्हा म्हणाल्या, "माहीत नाही म्हणायला लाजतेस कशाला?" ठाण्याच्या कंपनीत आज मी भर मीटिंगमध्ये तसं म्हणू शकते. तेव्हा शिकलेल्या प्रोग्रामिंगच्या भाषा कधीच मागे पडल्या, हे तेवढं टिकलं.

मॅडमना विस्मरणाचा आजार झाल्याचं कळलं, म्हणून परवा टिटवाळ्याला त्यांच्या बहिणीकडे गेले. "आता सगळंच विसरलीये ती," बहीण म्हणाल्या. मला ते पटेना. मी मॅडमचीच रीत धरली. त्यांच्या निरोप समारंभाबद्दल विचारलं, तर काही नाही. खूप मागे गेले, त्यांच्या स्वतःच्या शिक्षणापर्यंत. तेव्हा खुलल्या, संगणकावर बसायला मिळावं म्हणून सगळे कसे नंबर लावायचे, ते रंगून सांगितलं. जरा पुढे येऊन कॉलेजातली पहिली लॅब विचारली. "चपला बाहेर काढायच्या हं," त्या हसून म्हणाल्या. मला फार आशा वाटली. अजून थोडं पुढे आले आणि आमची बॅच, सुजाता, सगळं सांगून पाहिलं. चेहरा कोराच राहिला.

नेमकी जागा सापडली होती, आमची बॅच कॉलेजात यायच्या थोडं आधीची. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. निघायला उठले, तरी न राहवून विचारलंच, "मॅडम, मी कोण?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या, जराही न लाजता. मग शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"बस. शोधू."