आजोबांच्या पट्ट्याला भोक

नलू धराधर कधी कुणाशी भांडली नाही. भांडून मोकळं होणं तिला बाळबोध वाटे. ती राग पोटात ठेवी, तिथे त्याला चांगला मुरू देई आणि मग एक दिवस हसतमुखाने समोरच्याच्या हातावर ठेवी. फणसवाडीत राहत असताना शाळेतल्या एका बाईंनी भर वर्गात तिच्यावर कॉपीचा आळ घेतला होता. नलू रडली नाही, घरीही बोलली नाही. पुढच्या वर्षी त्याच विषयात पहिली आली तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन थेट बाईंच्या घरी गेली. पहिला पेढा त्यांना दिला आणि तो संपेपर्यंत समोर उभी राहिली. बाईंच्या घशाखाली तो काही लवकर उतरला नाही, आणि नलूलाही कुठे जायची घाई नव्हती.

लग्न होऊन ती शिवाजी पार्कला धराधरांच्या घरी आली. विमा कंपनीत नोकरी केली, लेकीला, ऋग्वेदाला, वाढवलं, नवऱ्याचं लांबलेलं आजारपण काढलं. नवरा गेला, ऋग्वेदा लग्न होऊन माहीमला गेली, आणि फ्लॅटमध्ये उरले ती आणि तिचे थोरले दीर कमलाकांत. त्यांना सगळे भाई म्हणत. सॉलिसिटरच्या ऑफिसात आयुष्य गेलेलं. आपलं चुकलं असं म्हणण्याची सवय जिभेला कधी लागलीच नाही. माणूस वाईट नव्हता. पण धराधरांच्या घरातली जुनी वस्तू म्हणजे भाईंना देवघरातली वाटे, आणि अशा वस्तूंत एक कुत्र्याचा पट्टा होता.

भाईंच्या आजोबांनी आपल्या अल्सेशियनसाठी तो खास बनवून घेतलेला. जाड चामडं, पितळी बक्कल, वर पितळी पाटी आणि तिच्यावर कोरलेलं आडनाव. धराधरांकडे जो कुत्रा येईल त्याने तोच पट्टा घालायचा, हा घरचा रिवाज. कुत्री आली, म्हातारी झाली, गेली. पट्टा पॉलिश होऊन दिवाणखान्यातल्या खुंटीवर पुढच्या गळ्याची वाट बघत राही.

मग ऋग्वेदाने सांगोल्याहून हरणी आणली. कारवान जातीची, उंच, शेलाटी. या कुत्र्यांचं डोकं निमुळतं आणि मान जवळजवळ तेवढीच जाड, त्यामुळे पट्टा जरा सैल असला आणि कुत्रा मागे सरला की डोकं अलगद बाहेर येतं. आजोबांचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी हरणीच्या गळ्यात लोंबायचा. नलू म्हणाली, मोच्याकडून आणखी एक भोक पाडून आणते, दोन मिनिटांचं काम आहे.

"आजोबांच्या पट्ट्याला भोक?" भाई म्हणाले. जणू ती आजोबांच्या तसबिरीलाच भोक पाडायला निघाली होती.

नलू गप्प बसली. हरणीला दृष्ट लागू नये म्हणून तिने बांधलेला काळा दोरा मात्र मापात होता, खाली दोन बोटं जातील इतपत. त्या गप्प बसण्याचा तिला पुढे फार राग आला, पण स्वतःवर सूड कसा उगवायचा ते तिला ठाऊक नव्हतं. आणि तसं करायची पाळी भाईंनी येऊ दिली नाही.

झालं असं, की एका सकाळी भाई हरणीला फिरवत होते आणि मैदानापाशी कुठल्याशा पुढाऱ्याच्या स्वागताला फटाक्यांची माळ लागली. हरणी बिचकून मागे सरली, डोकं सुटलं आणि ती कॅडल रोडवर धावली. नलू समोरच्या फुटपाथवरून दूध घेऊन येत होती. तिच्या देखत टॅक्सी आली. नलू ओरडली ती त्यानंतर. भाई पलीकडे रिकामा पट्टा हातात धरून उभे होते. हरणीच्या गळ्यातला काळा दोरा तसाच होता. नलूने तो सोडून घेतला आणि रुमालात बांधून ठेवला.

इथवर नलूने भाईंना क्षमाही केली असती. पण संध्याकाळी कट्ट्यावर भाईंनी सांगितलं, "नलूने पलीकडून हाक मारली, म्हणून सुटली ती."

कट्टा म्हणजे मैदानाभोवतीचा तो ठेंगणा कठडा. तिथे बोललेली गोष्ट माहीमपर्यंत चालत जाते. नलूची रोजची सोबतीण सुनेत्रा कळवळून म्हणाली, मुक्या जनावराला रस्त्यापलीकडून हाक मारू नये गं, पण तू तरी काय करणार. ऋग्वेदाने फोनवर विचारलं, "आई, तू खरंच हाक मारलीस का?" ते 'खरंच' नलूच्या काळजात जाऊन बसलं. ज्या जिवाला तिने बाटलीने दूध पाजलं त्याचा जीव तिनेच घेतला, असं आता पोटच्या पोरीलाही वाटत होतं. चोराच्या उलट्या बोंबा! आणि तो चोर रोज समोर बसून तिच्याच हातची आमटी भुरकत होता. नलू त्याला वाढत राहिली, हवं नको विचारत राहिली. भाईंना वाटलं, बाई विसरली.

वर्ष सरलं आणि ऋग्वेदाने हरणीच्याच भावंडांतला सरजा आणून दिला. भाईंनी त्याच संध्याकाळी पॉलिशची डबी काढली. नलूने पाहिलं आणि तिला बरं वाटलं. गंमत म्हणजे तिने विरोध केला नाही. म्हणाली, "पट्टा घालाच भाई, घरचा रिवाज आहे. मी नुसता वरून हार्नेस घालते."

हार्नेस निवडायला मायलेकी सरजाला घेऊन दादरच्या दुकानात गेल्या आणि नलूने दुकानदाराला घाम फोडला. गळा आवळणारी साखळी तिने हातातसुद्धा घेतली नाही. एक लाल, नक्षीचा हार्नेस ऋग्वेदाला आवडला. त्याचा आडवा पट्टा पुढच्या पायांच्या सांध्यावर येत होता, सरजा लंगडल्यासारखा चालला, तो परत. दुसऱ्याचा पट्टा नरड्यावर चढत होता, तोही परत. शेवटी एक मिळाला. त्याचे पट्टे छातीच्या हाडावर एकत्र येत होते, गळा मोकळा होता, आणि बरगड्यांच्या मागे कमरेपाशी आणखी एक पट्टा होता. नलूने प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली. मग सरजाच्या समोर उभं राहून दोरी आपल्याकडे ओढली. सरजाने मागे मागे जात नाना प्रकारे अंग चोरलं, पण मागच्या पट्ट्याने त्याला सोडलं नाही. नलूने त्याला पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं. ऋग्वेदा म्हणाली, "आई, बास ना आता." नलूला बास म्हणवेना.

रविवारी सकाळी कट्टा भरलेला होता. ऋग्वेदालाही तिने मुद्दाम बोलावलं होतं. सरजाच्या अंगात हार्नेस, त्याची दोरी नलूच्या मुठीत. गळ्यात आजोबांचा पट्टा, त्याची दोरी भाईंच्या हातात. सगळ्यांनी सरजाचं कौतुक केलं. नलूने सहज विचारावं तसं विचारलं, भाई, हरणीलाही पट्टा एवढाच आवळायचात ना? भाई अभिमानाने म्हणाले, शेवटच्या भोकात, नेहमीसारखाच. नलूने ते सुनेत्राला नीट ऐकू दिलं. मग ती सरजासमोर गेली आणि काखेतली काळी छत्री तिने फटकन उघडली.

सरजा दचकून मागे सरला. मान खाली, कान चप्प, आणि आजोबांचा पट्टा त्याच्या नाकावरून घसरून भाईंच्या हातात लोंबकळू लागला. हार्नेसची दोरी ताठ झाली. सरजा जागच्या जागी थरथरत उभा राहिला. नलूने छत्री मिटली, त्याला जवळ घेतलं, बिस्किट दिलं, माफी मागितली. मग भाईंकडे वळली.

"मी हाक मारली नव्हती, भाई."

आवाज चढला नव्हता, पण कट्ट्यावर सगळ्यांना ऐकू गेला. सुनेत्राने नजर चपलांकडे वळवली. ऋग्वेदा आईकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. भाई पुटपुटले, हा कुत्रा वेगळा, त्या दिवशीची गोष्ट वेगळी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. नलूने वाद घातला नाही. त्यांच्या हातातून पट्टा काढून घेतला, सरजाची दोरी लेकीकडे दिली आणि कोपऱ्यावरच्या मोच्याकडे गेली.

संध्याकाळी तिने भाईंच्या चहाच्या कपाशेजारी पट्टा ठेवला. पॉलिश केलेला, पितळ चकचकीत. शेवटच्या भोकाच्या पुढे एक नवं भोक होतं, आतलं चामडं अजून कोरं. रुमालातला काळा दोरा तिने जुन्या गाठीच्या खुणेवर पुन्हा बांधून शेजारी ठेवला.

भाईंनी कुठल्याशा सवयीने पट्टा उचलला आणि बक्कलचा काटा नव्या भोकात घातला. टेबलावर एक वर्तुळ तयार झालं. काळ्या दोऱ्याचं वर्तुळ शेजारीच होतं. दोन्ही सारखी होती. हरणीचा गळा एवढाच होता.

भाईंनी चहाचा घोट घेतला, पण तो गिळवेना. कप बशीत ठेवून ते म्हणाले, "तू हाक मारली नव्हतीस."

नलू समोरच्या खुर्चीत बसली होती. ती उठली नाही, त्यांचा कप रिकामा होईपर्यंत बसून राहिली.

"हे उद्या कट्ट्यावर सांगा," ती म्हणाली. "पट्टा बरोबर आणा. मी सरजाला घेऊन येते."