रिकामा दिवा पूजेला ठेवू नये

पुणतांब्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत इंदू मॅडमचे प्रयोगशाळेतले नियम पोरांना पाढ्यांसारखे पाठ असायचे. केस बांधा. ओढणी खोचा. परीक्षानळीचं तोंड स्वतःकडे धरू नका, शेजारणीकडे तर मुळीच नको, भांडण असेल तरी. आम्ल पाण्यात घाला, पाणी आम्लात घालू नका. स्पिरिटची बाटली कपाटात गेल्याशिवाय काडी ओढायची नाही. चव कशाचीच घ्यायची नाही, मग तो साधा मिठाचा खडा का असेना. एखादीची ओढणी लोंबताना दिसली की मॅडम तिथल्या तिथे गाठ मारून द्यायच्या आणि वर टोला हाणायच्या, "सासरी चुलीपुढे खोचून द्यायला मी येणार नाहीये, बरं का."

मॅडमचं सगळं घराणंच शिक्षक आणि पुरोहितांचं. एका हातात पंचांग, दुसऱ्यात खडू. त्यामुळे खंडेनवमी आली की प्रयोगशाळेची पूजा मॅडमकडे, हे शाळेत कुणाला ठरवावं लागायचं नाही. लोहार ऐरण पुजतो, शेतकरी ट्रॅक्टर पुजतो, मग विज्ञानाच्या बाईंनी सूक्ष्मदर्शक का पुजू नये? टेबलावर पांढरं कापड, तराजूला हळदकुंकू, चंचुपात्रांना झेंडूच्या माळा. कुणालाही बघून प्रसन्न वाटावं असं ते दृश्य असायचं.

गेल्या वर्षीही तसंच होतं. स्पिरिटचे दिवे मांडताना मॅडमच्या लक्षात आलं की दिवे कोरडे पडलेत. रिकामं भांडं पूजेला ठेवू नये, रिकामा दिवा तर नाहीच नाही, हे त्यांच्या आईचं बोलणं. म्हणून त्यांनी सगळे दिवे काठोकाठ भरले आणि मांडणी चांगली दिसावी म्हणून काचेची झाकणं काढून ठेवली. बाटली टेबलावरच राहिली. आरतीला त्यांनी दहावीतल्या राजेश्वरीला पुढे बोलावलं. पोरगी हुशार, विज्ञानात पहिली. सवयीप्रमाणे ती ओढणी खोचून आली होती. मॅडमनी स्वतःच्या हातानं ती ओढणी सोडवली आणि तिच्या डोक्यावरून नीट घेतली.

"अगं, पूजा आहे. प्रॅक्टिकल नाही," त्या म्हणाल्या.

तबक ओवाळताना ओढणीचं टोक एका दिव्याला अडकलं. दिवा कलंडला, स्पिरिट ओढणीवर आणि पांढऱ्या कापडावर पसरलं, आणि तबकातलं निरांजन पेटलेलंच होतं. भर दुपारच्या उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. हेही मॅडम दर वर्षी शिकवायच्या. राजेश्वरी ओरडत मागे सरकली, तेव्हा मागची पोरं अजून टाळ्या वाजवून आरती म्हणत होती. शिपाई सूर्यभाननं दारातली सतरंजी ओढली आणि तिला गुंडाळून खाली पाडलं. मॅडम टेबलाच्या पलीकडे उभ्या होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या.

पोरगी वाचली. डावा हात आणि मानेची एक बाजू भाजली, शाळेचं एक वर्ष गेलं.

त्यानंतर मॅडमना कुणी एका शब्दानं बोललं नाही. मुख्याध्यापक काकासाहेब म्हणाले, "देवाच्या कामात झालं, देवानंच निभावलं." मॅडमचे यजमान यज्ञेश्वर म्हणाले, "विसरा आता." राजेश्वरीची आई झुंबरबाई तर दवाखान्यातून पोरीला घरी आणल्यावर आपल्या बागेतले पेरू पिशवीभर घेऊन आली. "मॅडम, तुमचा काय दोस? तिच्या नशिबात हुतं. तुमी जिवाला लावून घिऊ नका." मॅडमनी पेरू घेतले, चहा केला, झुंबरबाईला फाटकापर्यंत सोडून आल्या. रात्री पेरू खाल्ला. गोड होता की तुरट, ते त्यांना कळलं नाही.

मग असंच चाललं. शाळेत जायचं, शिकवायचं, घरी यायचं. आमटीत मीठ नसलं तरी यज्ञेश्वर गुपचूप वरून घेऊ लागले. प्रयोगशाळेला कुलूप लागलं आणि किल्ली मॅडमच्या पर्समध्ये राहिली. प्रयोग फळ्यावर होऊ लागले. खडूचा दिवा, खडूची नळी, खडूच्या वाफा. फळ्यावर कुणी भाजत नाही. मॅडमना रडू येत नव्हतं, झोप लागत होती, आणि याचंही त्यांना काही वाटत नव्हतं.

यंदा राजेश्वरी पुन्हा दहावीत बसली. खंडेनवमीला काकासाहेबांनी पूजा ऑफिसातच उरकायचं ठरवलं. आरती सुरू झाली तशी मॅडम उठून व्हरांड्यात आल्या. राजेश्वरी तिथेच उभी होती.

"मॅडम, लॅब उघडा की."

"कशाला?"

"आय मला ग्यासपाशी येऊ देत न्हाई. अन् खरं सांगू का, मीबी जात न्हाई. कुनी काडी ओढली तरी मागं सरते. जन्मभर असंच ऱ्हायचं का मी? मला एक दिवा लावायचाय. तुमच्यासमोर."

मॅडमनी पर्समधून किल्ली काढली. त्यांनी कुलूप काढलं. आत तराजूवर गेल्या वर्षीचा वाळका झेंडू तसाच होता. मॅडमनी टेबल पुसलं. एकच दिवा घेतला, अर्धाच भरला. बाटली पलीकडच्या कपाटात ठेवून दार लावलं, ओलं फडकं जवळ ठेवलं. हात सवयीनं चालले होते, तोंडही सवयीनंच चालू झालं.

"केस बांध. ओढणी खोच. घट्ट. चेहरा मागे ठेव."

राजेश्वरीनं ओढणी खोचली. मग काडेपेटी हातात घेऊन ती थांबली.

"हे सगळं त्या दिवशी का न्हाई बोललात? माझी ओढणी तुमीच सोडली हुती."

ऑफिसातून टाळ्या ऐकू येत होत्या. मॅडमच्या ओठांवर देव आला, नशीब आलं, काकासाहेबांचं निभावणं आलं. त्यांनी सगळं गिळलं.

"मला वाटलं, पूजेला नियम लागत नाहीत. चुकलं माझं, राजेश्वरी."

"व्हय," राजेश्वरी म्हणाली. "चुकलंच."

एवढंच. राग नाही, आरडाओरड नाही. वर्षभर गाव त्यांना निर्दोष म्हणत होतं आणि मॅडम दिवसेंदिवस दगड होत चालल्या होत्या. या एका पोरीनं त्यांची चूक त्यांच्या पदरात घातली आणि त्यांच्या छातीत इतकं दुखलं, की त्यांनी टेबलाची कड धरली.

राजेश्वरीनं काडी ओढली. मोडली. दुसरी विझली. मग खिडकीतून आलेल्या उन्हात वात पेटली.

"दिसत न्हाई, मॅडम."

"आहे. हात लांब धरून बघ."

तिनं भाजलेला हात लांबूनच धरला. तो तिनं मागे घेतला नाही. "लागतीय झळ," ती म्हणाली आणि हसली.

मॅडमचे डोळे भरून वाहू लागले. पुढचं काहीच दिसेना. दिवा फुंकरीनं नाही, झाकण घालून विझवायचा, म्हणून त्या झाकणासाठी चाचपडत हात पुढे नेऊ लागल्या. राजेश्वरीनं त्यांचं मनगट धरलं.

"थांबा, मॅडम. आधी डोळं पुसा. मग हात घाला."