वाजिदभाई रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे

गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला लागलं की वाजिदभाई खुर्चीवरून उठायचे, दुकानाच्या दाराशी जायचे, हात मागे बांधायचे आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. गिऱ्हाईक 'झालं' म्हणेपर्यंत ते वळत नसत. समोरचा माणूस एका बोटाने टाइप करणारा असो, तीन-तीनदा चुकणारा असो, यांची मान हलायची नाही. नवख्याला वाटायचं, हा माणूस आपल्यावर रुसला की काय. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कुणी आपल्या घरचं कपाट उघडत असंल तर पाव्हण्यानं दुसरीकडं बघावं. त्यात काय मोठं?"

बजाजनगरच्या आमच्या गल्लीत त्यांचं कॉम्प्युटर गेमचं दुकान होतं. मी तिथे पहिल्यांदा गेले ती आठवीत असताना. बाबा वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर होते. घरी नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि त्यावर मुलीने इंग्रजी शिकावं म्हणून आम्ही सीडी घ्यायला गेलो होतो. वाजिदभाईंनी सीडी पिशवीत घातली नाही. काउंटरवरच्या एका पिवळ्या पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये घातली आणि मला म्हणाले, "बैस. चालवून बघ. इथं चालली तरच घरी न्यायची."

त्या कॉम्प्युटरचं नाव म्हातारी. दुकानातलं सगळ्यात जुनं यंत्र. सुरू होताना ती खोकायची, मग घरघरायची आणि मनात आलं तर चालायची. वाजिदभाई कुठलाही माल तिच्यावर चालवून दाखवल्याशिवाय देत नसत. "म्हातारीवर चालला तर कुठंबी चालंल," हे ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे. माझी इंग्रजीची सीडी छान चालली, पण माझं लक्ष शेजारच्या पडद्यावरच्या मोटारींच्या शर्यतीकडे होतं. ते वाजिदभाईंनी बरोबर हेरलं आणि बाबांना म्हणाले, "भाऊ, पोरगी इंग्रजी ह्या सीडीतून नाय शिकणार. त्या तिकडच्या सीडीतून शिकंल." आम्ही दोन्ही सीड्या घेऊन घरी आलो. बाबा चौकापर्यंत कुरकुरत होते.

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. पुढे मी गेम खेळता खेळता इंग्रजी शिकले, आणि खेळता खेळताच गेम बनवायच्या नादाला लागले. त्या दुकानात येणारी मी एकटीच मुलगी होते. मी पायरी चढले की वाजिदभाई फक्त एक बोट वर करायचे आणि आतल्या पोरांच्या तोंडातल्या शिव्या जागच्या जागी थांबायच्या. आईला ते दुकान अजिबात पसंत नव्हतं. एकदा ती स्वतः येऊन तासभर बसून गेली आणि त्यानंतर करमाडच्या मामांकडून हुरडा आला की त्यातला वाटा वाजिदभाईंच्या घरी जायला लागला.

मग डिस्कचे दिवस गेले. गेम इंटरनेटवरच्या दुकानांतून मिळायला लागले. तिथे आपलं खातं उघडायचं, पैसे भरायचे, गेम उतरवून घ्यायचा. मधे डिस्क नाही, डबी नाही आणि वाजिदभाईही नाहीत. शहरातल्या अशा बाकीच्या दुकानांमध्ये मोबाइलची कव्हरं लटकायला लागली. मला वाटलं, आता हेही तेच करणार. यांनी सगळी मांडणी मोडीत काढली आणि वेगवान नेटची लाइन घेतली. आसपासच्या कामगारांच्या खोल्यांमध्ये नेट म्हणजे मोबाइलचं, आणि मोठा गेम उतरायला त्याला आठवडा लागायचा. लोक लॅपटॉप घेऊन वाजिदभाईंकडे यायला लागले. आपल्या खात्यात शिरायचं, लॅपटॉप ठेवून कामावर जायचं, येताना गेम घेऊन जायचं. "दुकान हवेत गेलं ना बेटा," ते म्हणायचे, "पर दुकानदार जमिनीवरच लागतो."

रस्त्याकडे तोंड करण्याची पद्धत तेव्हाची. आणि तिची खरी परीक्षा घेतली ती कचरूमामांनी. सगळ्या दुकानाचे हे मामा, लासूर स्टेशनच्या बाजारात मापाडी. दिवसभर कांद्याच्या गोण्यांची वजनं मोठ्याने पुकारायची, हाच त्यांचा जन्माचा धंदा. ते पहिल्यांदा लॅपटॉप घेऊन आले आणि पासवर्ड टाकायला बसले. वाजिदभाई दाराशी जाऊन उभे राहिले. मामांनी प्रत्येक अक्षर बाजारातल्यासारखं पुकारत टाकलं. पलीकडच्या पंक्चरवाल्यानेसुद्धा मान वर केली. वाजिदभाई कानात बोटं घालून पायरी उतरले आणि भर उन्हात रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मामांचं काम झाल्यावर ते आत आले आणि म्हणाले, "मामा, आता तो बदला. अख्ख्या बजाजनगरला पाठ झाला." मामांनी बदलला, आणि नवाही पुकारतच टाकला. शेवटी वाजिदभाईंनी त्यांच्या तोंडात पान दिलं, तेव्हा कुठे तिसरा पासवर्ड गुपचूप पडला.

मी शिकले, पुण्यात चार वर्षं नोकरी केली आणि परत आले. दोन मित्र आणि मी, आम्ही तिघांनी मिळून सिडको भागात एक खोली घेतली आणि स्वतःचा गेम करायला घेतला. त्याचं नाव 'थप्पी'. टेम्पोत कांद्याच्या गोण्या रचायच्या आणि खड्ड्यांच्या रस्त्याने त्या बाजारात पोहोचवायच्या. थप्पी नीट लागली नाही तर वळणावर गोण्या पडतात. त्यात आमची तीन वर्षं गेली. माझं लग्नाचं वय निघून चाललं आहे, हे मला त्या काळात इतक्या लोकांनी सांगितलं की त्यांचीच एक थप्पी लागली असती.

गेम बाहेर काढायच्या पंधरा दिवस आधी मी तो वाजिदभाईंकडे नेला. आमच्या चकचकीत कॉम्प्युटरवर त्याला कोण विचारतो? पास व्हायचं तर म्हातारीवर. म्हातारी खोकली, घरघरली आणि थप्पी चालली. टेम्पो धावला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाजिदभाईंनी शांतपणे नेटची वायर काढली आणि गेम पुन्हा उघडला. पडद्यावर पाटी आली: इंटरनेट जोडा.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

मी समजावलं. कुणी चोरून नक्कल करू नये म्हणून कुलूप घातलंय. गेम उघडताना तो दरवेळी इंटरनेटवरच्या दुकानाला विचारतो, या माणसाने मला विकत घेतलंय ना? तिकडून हो आलं तरच उघडतो.

"आन् लासूरला नेट नसलं तर?"

"तेवढ्यापुरता नाही उघडणार."

"आन् उद्या ते दुकानच उठून गेलं तर?"

"कशाला उठेल?"

"माझं उठलं ना," ते म्हणाले. "माणसानं पैसे मोजून घेतलेली वस्तू हाय. ती उघडायला दरवेळी दुकानदाराला कायकू विचारायचं? कुलूप काढ बेटा."

मला राग आला. तीन वर्षं आमची गेली होती, आणि चोरी झाली असती तर आम्ही तिघं पुन्हा पुण्याच्या रस्त्याला लागलो असतो. पंधरा दिवसांवर आलेलं बाळंतपण आणि हे म्हणताहेत, नाक बदला. मी जे बोलू नये ते बोलले. "वाजिदभाई, तुम्ही स्वतः हातगाडीवर नकली डिस्क विकलेल्या आहेत. चोरी म्हणजे काय ते तुम्हाला कशाला कळेल?"

ती गोष्ट खरी होती. दुकानाच्या आधी त्यांची हातगाडी होती, आणि हे त्यांनी स्वतःच मला विश्वासाने सांगितलं होतं. वाजिदभाई खुर्चीवरून उठले, दाराशी गेले, हात मागे बांधले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी रडत होते. मला रडताना त्यांना बघायचं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. तिथूनच, न वळता ते म्हणाले, "व्हय, विकल्या. घरी नेऊन चालली नाय की माणूस परत यायचा. त्याच्या पोराचं उतरलेलं तोंड मी लई पाहिलं. म्हणून तर ही म्हातारी ठेवली. तुझा माल चोरीचा नाय, खरा हाय. खऱ्या मालानं पोराचं तोंड उतरवू नको, एवढंच म्हणतो."

मी तशीच निघून आले. कुलूप काढायचं नाही, असं रस्ताभर घोकत आले.

चौथ्या दिवशी कचरूमामांचा फोन. गोण्या कशा रचतात ते आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून गेम बाहेर यायच्या आधीच त्यांना एक प्रत दिली होती. फोनवर वारा घोंगावत होता. "ताई, थप्पी लई भारी झालीय," ते ओरडून म्हणाले. "पर घरात उघडत नाय. मी आन् पोरगी लॅपटॉप घेऊन पाण्याच्या टाकीवर चढलोय. इथं रेंज हाय."

मी आधी खूप हसले. मग डोळ्यांसमोर ती टाकी आली, तिची लोखंडी शिडी आली, आणि बगलेत लॅपटॉप धरून चढणारी सातवीतली पोरगी आली. मामांना ताबडतोब खाली उतरायला सांगितलं आणि मित्रांना म्हटलं, कुलूप काढायचं. ते दोन दिवस माझ्याशी भांडले. त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी कुलूप निघालं.

नवी प्रत घेऊन मी बजाजनगरला गेले. माफी कशी मागायची याची रिक्षात तयारी केली होती. वाजिदभाईंनी मला बोलूच दिलं नाही. वायर काढली, म्हातारी सुरू केली, थप्पी उघडली आणि तिथे बसलेल्या सगळ्यांना म्हणाले, "इकडं या. आपल्या गल्लीतल्या पोरीनं केलाय." तो दिवस मी कुठल्याही बक्षिसाशी बदलणार नाही.

नकला झाल्या. व्हायच्याच होत्या. पण विकत घेणारेही आले, आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त, आणि आमची खोली टिकली. एकदा एकाने वाजिदभाईंकडे थप्पीची फुकट नक्कल मागितली. त्यांनी त्याला चहा पाजला, त्याच्याच खात्यातून गेम विकत घ्यायला लावला आणि तो पासवर्ड टाकेपर्यंत दाराशी उभे राहिले. ही हकीकत मला पंक्चरवाल्याने सांगितली. वाजिदभाईंनी कधीच नाही.

दोन वर्षांनी, इंटरनेटवरच्या ज्या छोट्या दुकानात आम्ही थप्पी पहिल्यांदा ठेवली होती, ते बंद पडलं. एक मेल आला आणि संपलं. तिथून लोकांनी घेतलेले कितीतरी गेम त्या दिवसापासून उघडेनासे झाले. कचरूमामांची थप्पी लासूरला चालूच राहिली, आणि आमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांचीही. मी धावत वाजिदभाईंकडे गेले. ते 'बघ, मी म्हणलो होतो' म्हणतील अशी माझी खात्री होती. ते म्हणाले, "चहा घेणार का?"

चहा पिताना मात्र बोलले. "आज गेम आपल्याकडं उतरतो. उद्या उतरणारच नाय. तिकडं कंपनीच्या मशीनवरच चालंल, आपल्याकडं नुसतं चित्र येईल. महिन्याचं भाडं भरायचं आन् खेळायचं. वाईट नाय ते. म्हातारीवरबी मोठाला गेम पळंल. पर भाडेकरूला भिंतीत खिळा ठोकता येत नाय, बेटा. तू गेम करतीस ना? लोकांना खिळा ठोकू देत जा." गेम बनवणाऱ्यांच्या मोठमोठ्या परिषदांमधली कितीतरी भाषणं मी ऐकली आहेत. त्यातल्या एकातही मला हा खिळा सापडला नाही.

मागच्या हिवाळ्यात वाजिदभाई गेले. सकाळी दुकान उघडायला निघाले आणि घराच्या पायरीवरच बसले, ते उठले नाहीत. आठवड्याने त्यांच्या मुलीने, शबानाने, दुकान उघडलं. ती शाळेत गणित शिकवते. लोकांचे लॅपटॉप दुकानात अडकले होते, ते ज्याचे त्याला द्यायचे होते. नऊ-दहा जण जमलो होतो. पंक्चरवाला होता, कारखान्यातली पोरं होती, लासूरहून कचरूमामा आले होते. शबाना ओळीने लॅपटॉप देत होती, पण कुणी तो उचलून निघत नव्हतं. सगळे घुटमळत होते. चालवून पाहिल्याशिवाय त्या दुकानातून माल न्यायची कुणाला सवयच नव्हती.

शेवटी कचरूमामा म्हणाले, "शबानाताई, एकदा म्हातारी लावता का? थप्पी बघू अन् जाऊ."

शबाना वडिलांच्या खुर्चीवर बसली. नेटची वायर आधीच काढलेली होती. म्हातारी खोकली, घरघरली, आणि तिने पासवर्ड मागितला. शबानाने कीबोर्डवर हात ठेवले.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. आधी कचरूमामा वळले, मग पंक्चरवाला, मग पोरं, मग मी. दारात, पायरीवर, जागा मिळेल तिथे आम्ही सगळे हात मागे बांधून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो. समोरून जाणारे लोक थबकून बघत होते. दुसऱ्याचं कपाट उघडं असताना नजर वळवणं मोठमोठ्या कंपन्यांना जमलं नाही, ते या एका माणसाने एका गल्लीला शिकवून ठेवलं होतं, आणि त्या गल्लीत मी वाढले याचा मला इतका अभिमान वाटला की रडू आलं. ते कुणी पाहिलं नाही. सगळे रस्त्याकडेच बघत होते.

मागून शबानाचा आवाज आला, "झालं."

मग आम्ही वळलो.