ढवळमाळावर माणूस हाय

आमदार लालासाहेबांना दोन आवाज होते. एक माण तालुक्यातला, एक मुंबईचा. दहिवडीच्या बाजारात गाठ पडली की ते आकारामच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "काय रं आकाराम, मेंढरं काय म्हंत्यात?" आणि तेच लालासाहेब मुंबईत सभागृहात उभे राहिले, की आधी घसा खाकरत, जाकिटाचं खालचं बटण चाचपत आणि म्हणत, "अध्यक्ष महाराज, मी आपल्यामार्फत माननीय मंत्रिमहोदयांचं लक्ष वेधू इच्छितो." दोन्ही आवाज ऐकलेला ढवळमाळ वस्तीवर एकटा आकारामच होता.

ढवळमाळ म्हणजे धनगरांची तेरा घरं, हजारभर मेंढरं आणि पाण्याच्या नावानं ओढ्यातला एक झिरा. वाळूत उकरलेला खड्डा, त्याला झिरा म्हणायचं. फाल्गुन सरला की पाणी खाली खाली जायचं आणि खड्डा त्याच्या मागं. आत उतरलेल्या बाईचा वरून नुसता अंबाडा दिसायचा. करवंटीनं घागर भरता भरता ऊन कलायचं. दोन सालांमागं वाळूची कड ढासळली आणि आकारामची बायको जाईबाई त्या खड्ड्यातच राहिली. घागर मात्र वर होती, अर्धी भरलेली, धड.

तेव्हापासून आकारामला एकच गोष्ट हवी होती. दगडानं बांधलेली, पायऱ्यांची विहीर. तिच्यापायी त्यानं लालासाहेबांचा असा पिच्छा धरला, की आमदारांचा कुत्रासुद्धा त्याच्यावर भुंकायचा थांबला. लालासाहेबांनीही हात आखडला नाही. दोन वर्षांत पाच अर्ज वर पाठवले. पाचही परत आले, आणि त्यांच्यावरचा शेरा आकारामला तोंडपाठ झाला. शाळेचं तोंड न पाहिलेला हा माणूस मेंढरामागं चालता चालता थेट कारकुनाच्या नाकातल्या आवाजात म्हणायचा, "सदर ठिकाणी लोकवस्ती आढळून आली नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल."

आता आढळणार कशी? दिवाळी झाली की ढवळमाळ उठायची. मेंढरं हाकत सगळी खाली जायची, पलूस, इस्लामपूरच्या काळ्या रानांत; म्हाताऱ्या आईला चालवत नाही म्हणून आकारामचं घर तेवढं मागं राहायचं. तिथं रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या खतावर शेतकरी खूश, त्याच्या जोंधळ्यावर ही खूश. परत यायची ती पाऊस पडल्यावर. निघताना प्रत्येक जण दाराला बोराटीची काटी आडवी लावायचा. काटी म्हणजे या घराला धनी आहे, तो येणार आहे, आत शिरू नका. आजापणज्यापासूनची रीत. कुत्रं असो की चोर असो, काटी सगळ्यांना कळत होती. सरकारला तेवढी कळली नाही. उन्हाळ्यात साहेब आला तेव्हा आकारामही दाराला काटी लावून झिऱ्यात उतरलेला; साहेबानं तेरा दारांना तेरा काट्या बघितल्या आणि लिहिलं, 'ओसाड'. पावसाळ्यात आलेल्यानं माणसं बघितली, पण ओढाही वाहताना बघितला, आणि लिहिलं, 'पाणीटंचाई दिसून येत नाही'.

म्हणून सन सहासष्टच्या मार्चात लालासाहेबांनी सभागृहात प्रश्नच टाकला आणि आकारामला निरोप धाडला, "यायचं तर ये, ऐकायला."

मुंबईत गोदीत काम करणारा मामेभाऊ अर्जुना त्याला घेऊन गेला. दारावर काठी ठेवून घेतली, घोंगडं ठेवून घेतलं. "आनि काय काढू?" आकारामनं विचारलं. "आवाज," अर्जुना म्हणाला. "एकदम चूप बैठनेका. वर बसल्याव खोकायचं बी न्हाई."

वरच्या सज्जातून आकारामनं आपल्या वस्तीचं नाव ऐकलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. एवढ्या उंच छताखाली ढवळमाळ!

मंत्री कागदावरची नजर न उचलता वाचत होते. "उपलब्ध माहितीनुसार सदर ठिकाणी कायमस्वरूपी लोकवस्ती नाही."

आकाराम उठलाच. तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आधी शिपायाचा हात खांद्यावर पडला. "मामा, बसून घ्या. इथं बोलायचं नसतं."

तेरा घरांचा जिता माणूस तिथं होता, आणि तो खाली बसला.

खाली लालासाहेबांनी बटण चाचपलं. "अध्यक्ष महाराज, या वस्तीतून मागच्या निवडणुकीत एकतीस मतं पडली. माझ्या मतदारसंघात भुतं मतदान करतात, असं मंत्रिमहोदयांना सुचवायचं आहे काय?"

"कुणाला पडली?" पलीकडच्या बाकावरून कुणीतरी विचारलं आणि सभागृह हसलं. लालासाहेब हसले नाहीत. "तिथल्या झिऱ्यात एक बाई गाडली गेली, अध्यक्ष महाराज. ओसाड जागी बाई कशी गाडली जाते?"

हसणं थांबलं. मंत्र्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "पुन्हा समक्ष पाहणी करण्यात येईल. माणसं राहत असल्याचं आढळल्यास याच उन्हाळ्यात विहीर मंजूर करण्यात येईल."

बाहेर येताच लालासाहेबांचा आवाज बदलला. "ऐकलंस का रं गड्या? आता तू माणसं दाव. हिरीचं मी बघतो."

चैत्रात त्यांचा निरोप आला. ओव्हरसियर गुरुवारी जीप घेऊन येणार. वस्तीवर तेव्हा आकाराम, त्याची म्हातारी आई हरणाबाई आणि एक लंगडं कोकरू, इतकाच प्रपंच होता. बाकीची ढवळमाळ पलूसच्या रानात. माणसं आणायला सोमवारीच त्याला निघणं भाग होतं. म्हातारीजवळ दोन घागरी पाणी ठेवलं, भाकरी ठेवल्या, कोकरू आत घेतलं. त्या साली लांडगे लय माजले होते. म्हणून निघताना त्यानं बाहेरून दाराला काटी लावली, चांगली घट्ट, बापानं शिकवल्यासारखी. हात आपोआपच तिकडं गेले.

पलूसला नानासो, म्हणजे सगळ्या तळाचा म्होरक्या, लोकर कातरत बसला होता.

"गुरवारी सायेब येनार हाय. माणसं दिसली पायजेत," आकाराम म्हणाला.

"आरं, मग आमचा फोटू धाड की!" नानासो म्हणाला. तळ खदखदून हसला. "मेंढरं रानात बसल्यात. कवा उठवू? आनि तितं न्हिऊन पाजू काय? तुज्या डोळ्यांतलं पानी?"

"मेंढरं ऱ्हाऊ द्या," आकाराम म्हणाला. "दाराला एक माणूस द्या. जाई मेली तवाबी तुमी समदी हितंच हुतासा. मी एकट्यानं वाळू उपसली."

कातर थांबली. नानासोनं खाली बघत विचारलं, "म्हंजे तेरा माणसं?"

"बारा. तेरावं घर माजं."

बारा जण निघाले. तान्ही पोरं घेतलेल्या सुना, कमरेत वाकलेले दोन म्हातारे, आणि मिरवायची हौस म्हणून लाल लुगडं नेसलेली धोंडुबाई. "सायेबानं बघावं तर नीट बघावं की," ती म्हणाली. येष्टीनं विट्यापर्यंत, तिथून पुढं दुसरी येष्टी, मग पायी. गुरुवारी दिवस कासराभर वर आला तेव्हा ती माळावर पोचली.

वाटेवर जीपच्या चाकोऱ्या होत्या. येतानाची आणि जातानाची. वर बारीक धूळ बसली होती, म्हणजे कालच्या.

आकाराम पळत सुटला. काटी उपटताना बोटं फाटली. आत हरणाबाई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर कोकरू, आणि चेहरा असा फुललेला की जणू जत्रेतून आली.

"आकारामा, खाकीवालं आलं हुतं काल!"

"मग? काय म्हनालीस तू?"

"म्हनतीय कशाला? हूं का चूं केलं न्हाई. दारात उबं ऱ्हाऊन 'कुणी आहे का, कुणी आहे का' करत हुतं." म्हातारीनं ओव्हरसियरचा आवाज हुबेहूब काढला, बाहेर उभी असलेली धोंडुबाई फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. "ह्ये कोकरू वरडाया लागलं तर ह्येचं त्वांड दाबून धरलं. दंड कराया आलं आसनार जंगलवालं. मी काय कच्ची हाय व्हय?"

जन्मभर खाकी कपडा म्हणजे चराईचा दंड नाहीतर मेंढरं कोंडवाड्यात. तो दिसला की गप्प राहायचं, हे तिनंच आकारामला शिकवलं होतं, आणि आज ती शाबासकीची वाट बघत होती.

आकारामनं तिच्या मांडीवरचं कोकरू उचललं. "बेस केलंस आये," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन भिंतीआड खाली बसला. बारा माणसं उभीच होती. कुणाला घरात जावंसं वाटेना.

दुपारी दहिवडीत लालासाहेबांनी त्याला बघितलं आणि आधीच मान हलवली. "जीप बुधवारीच मोकळी झाली म्हणं. जाताना हितं थांबला हुता त्यो. तेरा काट्या मोजल्या म्हणाला." एवढं बोलून त्यांचा आवाज मधेच कुठंतरी अडकला, ना मुंबईचा ना माणचा. "आकाराम, सभागृहात मी छाती ठोकून बोललो रं. आता कुठल्या तोंडानं उभा राहू?"

"एकदा धाडा त्यास्नी. फकस्त एकदा."

"लिहितो. आजच लिहितो. पर कवा येतील सांगता येत न्हाई. पावसाच्या आत कवाबी. न्हाईतर मग नागपूरच्या अधिवेशनात परत इचारतो."

"आवं लालासाब, तुमी नागपूरला जाता तवाच आमी खाली जातो की."

लालासाहेबांचा हात बटणाकडं गेला आणि तिथंच राहिला.

बारा माणसं दोन दिवस राहिली. झिऱ्याला तेवढं पाणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका सुनेचं तान्हं घसा सुकून रडायचंही थांबलं, तेव्हा आकारामनंच त्यांना येष्टीत बसवलं. निघताना दोन्ही म्हाताऱ्यांचे हात सवयीनं काट्यांकडं गेले. "ऱ्हाऊ द्या उगडी," तो ओरडला.

आता रोज तांबडं फुटायला आकाराम उठतो. तेरा घरांत फिरतो, तेरा चुली पेटवतो, नुसत्याच, वर काही न ठेवता, की लांबून धूर दिसावा. मग घागर आणि करवंटी घेऊन झिऱ्यात उतरतो. वाळूची कड डोक्याच्या वर गेली आहे. खाली बसला की त्याला आभाळाचा एक गोल तेवढा दिसतो, आणि कान सगळे वाटेकडं. जीप आली तर वर चढेपर्यंत निघून जाईल, ही एकच भीती.

म्हणून हरणाबाईला त्यानं सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं घोंगडं घेतलं, कोकरू घेतलं आणि वाटेच्या कडेला उन्हात जाऊन बसली. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नाही. बैलगाडी गेली, सायकल गेली, लांबच्या सडकेवर येष्टीचा धुरळा उठला, की म्हातारी कोकराला चिमटा काढते. ते ओरडतं, आणि त्याच्यावर आवाज चढवून ती ओरडते,

"आवं सायेब! हाय! हितं माणूस हाय!"

खाली खड्ड्यात आकारामची करवंटी थांबते. तो ऐकतो. चाकं थांबल्याचा आवाज येत नाही. तो परत वाळू खरवडायला लागतो.