संडासातल्या कॅलेंडरवरचं प्रेम

नाना गेल्याचा फोन पुण्याहून आला, तेव्हा मी संडास घासत होते. नाना म्हणजे माझे सासरे. फोन ठेवला आणि समोर भिंतीवर त्यांचंच अक्षर दिसलं. इथे नेदरलँड्समध्ये वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगायची पद्धत आहे. त्यावर साल नसतं, त्यामुळे एकच कॅलेंडर जन्मभर पुरतं. आमच्या कॅलेंडरवर मात्र वाढदिवस कमी आणि हवाईयन भाषा जास्त आहे... ते नानांचं काम.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले नाना कोविडच्या जेमतेम महिनाभर आधी आल्मेरेला आमच्याकडे आले, सहा आठवड्यांसाठी. आईंना थंडी सोसत नाही, म्हणून एकटेच. आल्या आल्या बांध बघून आले आणि "आपण समुद्राच्या पातळीखाली झोपतो, लक्षात आहे ना सूनबाई?" असं विचारून त्यांनी माझी झोप घालवली. मग विमानं बंद झाली आणि सहा आठवड्यांचे सात महिने झाले. त्यांच्या हृदयात दोन स्टेंट होते. एकदा शेंगा मोडताना म्हणाले, "इथेच काही झालं तर हिला एक गोष्ट सांगायची राहून जाईल."

"मग सांगा की. रोज तर फोन असतो."

"फोनवर नऊ माणसं असतात."

असायची खरी. पुण्याहून आई, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची मुलं. नागपूरहून नानांची बहीण. इतक्यांसमोर पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोला 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणणं नानांना बनियनवर लग्नाला जाण्यासारखं वाटे. इंग्रजीत त्यांनी जन्मभर कार्यालयीन पत्रं लिहिलेली. डच करून पाहिली, घसा बसला. माझी अकरा वर्षांची ईरा तेव्हा शाळेच्या ज्वालामुखी प्रकल्पापायी फोनवर हवाईयन शिकत होती. नाना तिच्या शेजारी जाऊन बसले. रोज एक वाक्य, आणि पाठ व्हावं म्हणून ते कॅलेंडरवर. "तिथे निवांत वाचता येतं," म्हणे. माझ्या भावाच्या वाढदिवसावर 'कुउ इपो', म्हणजे 'माझी लाडकी', लिहिलेलं आहे.

मग रोज फोन ठेवताना नाना म्हणू लागले, "आलोहा वाउ इया ओए." सगळ्यांना वाटलं, डचमध्ये 'अच्छा' म्हणतात. आठवड्याभरात दीरही म्हणू लागले, जाऊबाई मला म्हणू लागल्या. नागपूरच्या आत्या तर दूधवाल्यालाही म्हणत होत्या. नानांचा चेहरा रोज थोडा उतरायचा.

शेवटी ईराला राहवलं नाही. "दॅट मीन्स आय लव्ह यू. ही सेज इट टू आजी. ओन्ली आजी."

आत्यांनी स्वतःला म्यूट केलं. नाना चष्मा पुसत राहिले.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," आई म्हणाल्या. "अच्छा म्हणताना हे कधी बघतात का कुणाकडे? आणि वन्सं, दूधवाल्याला आता काय ते समजावून सांगा." मग नानांना, "दुपारची गोळी घेतलीत का?"

"घेतो," नाना म्हणाले. त्या दिवशी दोन वाट्या आमटी जास्त प्यायले.

सप्टेंबरअखेर ते पुण्याला पोचले. पुढच्या मे महिन्यात झोपेतच गेले. आम्हाला अंत्यदर्शन पडद्यावरच झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

कॅलेंडर मी काढणारच होते. तेवढ्यात आईंचा फोन. कॅलेंडरचं नानांनी त्यांना सांगितलेलं होतं. "आजच्या तारखेला काय लिहिलंय गं?" मी संडासात उभं राहून भराभर वाचलं.

"अशी घाईनं नको. ते शेवटी थोडे थांबायचे."

मी परत वाचलं, शेवटी थांबले. पलीकडून, "बरं. आता गोळी घेते."

तेव्हापासून रोज फोन येतो. ऑक्टोबरपासूनची पानं कोरी आहेत, हे मी आईंना सांगितलेलं नाही. ईराला पुढचे धडे करायला बसवलंय. नानांचं अक्षर काही तिला जमणार नाही, पण फोनवर अक्षर कुठे दिसतं.