सात दिवसांचं रेकॉर्डिंग

ती घटना आठवली की आजही डोकं तापतं.

शिर्डीच्या एका लॉजमध्ये दर्शनाला आलेल्या बाईंचं गंठण खोलीतून गेलं. मालकानं साफसफाई करणाऱ्या मावशींचं नाव घेतलं. आम्ही त्यांना सलग चार दिवस चौकशीला बोलावलं. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, पोलीस ठाण्यातल्या बाकावर. त्या एकच सांगायच्या, "चादरी बदलल्या, कुलूप लावलं, चावी काउंटरला दिली." तेवढ्यात लॉजवर दुसरी बाई कामाला लागलीसुद्धा.

जिन्यात कॅमेरा होता. चोरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी रेकॉर्डिंग मागितलं. मालक हसला.

"पासवर्ड इसारलो, साहेब. रेकॉर्डरवर चिठ्ठी हुती. दसऱ्याला पूजा केली, तवा हळदी-कुंकवात गेली."

मला ते पटलं. दसऱ्याला आमच्या ठाण्यातला संगणकही कुंकवानं माखतो.

पाचव्या दिवशी कॅमेरे बसवणारा फिटर सापडला. तो म्हणाला, "यात सातच दिवसांचं राहतं, साहेब. मग जुन्यावर नवं चढतं."

म्हणजे हातात दोन दिवस. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला नव्हता, याचा संताप आला.

मालक म्हणाला, "कशाला एवढा खटाटोप? रेकॉर्डर कोरा करून टाका, नवा पासवर्ड घाला."

"हात लावायचा नाही!" मी ओरडलो. त्याला लेखी नोटीस दिली, त्याच्या सहीचं पत्र आणि रेकॉर्डरचा नंबर कंपनीला पाठवला. सहाव्या दिवशी दुपारी पासवर्ड बदलायचा कोड आला. पंचांसमक्ष नवा पासवर्ड टाकला. रेकॉर्डिंग शाबूत होतं. फिटर मात्र रेकॉर्डरमधल्या नोंदींवरच थांबला.

"साहेब, दसरा होऊन तीन महिने झाले. पासवर्ड तर चोरीच्या दुसऱ्या दिवशी बदललाय. सकाळी नऊ बाराला."

"जुना माहीत नसताना, कंपनीच्या कोडशिवाय बदलता येतो का, शेठ?" मी मालकाला विचारलं.

रेकॉर्डिंगमध्ये मालकाचा मेव्हणा काउंटरची चावी घेऊन वर गेला आणि चार मिनिटांत उतरला. गंठण त्याच्या स्कूटरच्या डिकीत मिळालं. दोघांनाही आरोपी केलं.

खरंच पासवर्ड विसरलेला माणूस चिडतो, स्वतः फिटरला फोन लावतो. हा हसला होता. ते हसू मी वाचलं नाही.

मावशी आपल्या घराच्या दारात भांडी घासत होत्या. मी म्हणालो, "मावशी, तुमच्यावर आता संशय नाही."

त्यांनी वर पाहिलं नाही. "ते लॉजवर जाऊन सांगा, साहेब. माझ्या घरात समद्यांना ठाव हाय."

मी गेलो, सगळ्या नोकरांना गोळा करून सांगितलं. नवी बाई जिना पुसत होती. मावशींना ते काम परत मिळालं नाही.

पुढं प्रत्येक तपासात मी आधी दोन गोष्टी विचारल्या: रेकॉर्डिंग किती दिवस राहतं आणि पासवर्ड कधी बदलला. पण चार दिवस, रोज सात तास, एकूण अठ्ठावीस तास मावशी आमच्या बाकावर बसल्या होत्या. स्टेशन डायरीत त्यांच्या नावापुढं दोनच शब्द आहेत: चौकशी केली. अक्षर माझं आहे.